अंतःकरणात भरलेलं तोंडावाटे येतं, तर पश्चात्ताप नेमका कुठून सुरू होतो? (मत्तय १२)

संडेस्कूल_गिरगाव

जय ख्रिस्त. येत्या रविवारी उपासनेनंतर तरुण संघात मत्तय १२:३३–३७ घ्यायचं आहे. मुलं १५ ते १९ वयाची, वेळ ४५ मिनिटं. 'अंतःकरणात जे भरून गेले आहे तेच मुखावाटे निघणार' हे सगळ्यांचं पाठ आहे आणि अडचण तीच आहे. फळ्यावरच्या सुविचारासारखं म्हटलं जातं आणि विषय तिथेच संपतो.

मुलं काय विचारतील ते साधारण ठाऊक आहे. पहिलं म्हणजे, गोड बोलून गळा कापणारे असतातच, मग बोलण्यावरून अंतःकरण कसं कळणार? दुसरं, लोकलमध्ये किंवा गल्लीतल्या क्रिकेटमध्ये शिवी सहज जाते, "सवय आहे हो, मनात काही नसतं". यावर शास्त्रातून काय सांगायचं? तिसरं जरा अवघड आहे. ३७व्या वचनात शब्दांवरून निर्दोष ठरशील म्हटलंय, आणि आपण तर शिकवतो की माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो.

चौथा प्रश्न रोजच्या व्यवहारातला. समजा मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी दुसऱ्याबद्दल वाईट लिहिलं, तासाभराने ते सर्वांसाठी डिलीट केलं आणि 'कोणाचं मन दुखावलं असल्यास क्षमस्व' असं टाकलं. शास्त्राच्या हिशेबाने हा पश्चात्ताप झाला का? झाला नसेल तर काय करायला हवं, कोणत्या क्रमाने? गटात दोन-तीन कॅथलिक मुलंही येतात, त्यांच्या बाजूचंही कोणी सांगितलं तर बरं होईल.

पाळक_भायखळा

आधी एक विनंती. उतारा ३३पासून सुरू करू नका, २२पासून ४५पर्यंत मोठ्याने वाचून घ्या. चारेक मिनिटं जातील, पण अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

२२व्या वचनात एक आंधळा आणि मुका माणूस बरा होऊन बोलू लागतो. ज्याला बोलता येत नव्हतं त्याची जीभ सुटली, आणि त्याच जागी ज्यांना उत्तम बोलता येतं ते परूशी (यहूदी धर्मपुढारी) म्हणाले, हे बालजबूलाच्या, म्हणजे भुतांच्या अधिपतीच्या, साहाय्याने चाललंय. झाड, फळ, भांडार, हिशेब हे येशूचं सगळं बोलणं त्या एका वाक्याला दिलेलं उत्तर आहे. त्यामुळे विषय 'नीट बोलावं, शिवीगाळ करू नये' एवढा राहत नाही. डोळ्यांसमोर चांगलं घडत असताना त्याला सैतानाचं म्हणावंसं वाटतं, तर आत काय साचलं असेल, असा तो प्रश्न आहे.

आता शब्द. 'भरून गेले आहे' याच्या जागी ग्रीकमध्ये 'पेरिस्सेउमा' आहे, म्हणजे भरून उरलेलं, ओसंडलेलं. मार्क ८:८मध्ये चार हजारांच्या जेवणानंतर तुकड्यांच्या सात पाट्या उरल्या, तिथे उरलेल्या तुकड्यांसाठी हाच शब्द आहे. म्हणजे तोंडात येतं ते आतल्या साठ्यातलं उतू गेलेलं. वर्गात पाण्याने काठोकाठ भरलेला पेला न्या आणि एकाला धक्का द्यायला सांगा. धक्का बाहेरून आला, पण सांडलं ते जे आत होतं तेच. "त्याने मला चिडवलं म्हणून मी बोललो" याचं उत्तर मुलांना वेगळं द्यावं लागणार नाही. धक्का त्याचा, पाणी आपलं.

गोडबोल्यांचं उत्तर ३६व्या वचनात आहे. 'व्यर्थ शब्द' यातलं 'व्यर्थ' म्हणजे ग्रीक 'आर्गोस': 'अ' आणि 'एर्गोन', बिनकामाचा. मत्तय २०:३मध्ये बाजारात काम न मिळाल्याने रिकामे उभे असलेले मजूर आहेत, त्यांना हेच विशेषण लावलंय. सकाळी मजूर नाक्यावर हातात थापी घेऊन उभी असलेली माणसं आपल्या मुलांनी पाहिलेली असतात, तेच चित्र. बिनकामाचा शब्द म्हणजे ज्याला आपण कुठल्या कामाला लावलेलं नसतं, जो सहज निसटतो. ठरवून, तोलून, समोरच्याला खूश करायला बोललेलं वाक्य अंतःकरण दाखवत नाही, ते हेतू साधतं. येशू हिशेब मागतो तो बेसावध शब्दांचा, कारण तिथे पहारा नसतो. गोड बोलणाऱ्याचं अंतःकरण त्याच्या भाषणात शोधू नये. फोन ठेवल्यावर तो शेजारच्याला काय म्हणतो, त्यात ते सापडतं.

इथे एक चूक फार होते. 'व्यर्थ शब्द' म्हणजे गप्पा, थट्टा, हसणं असं शिकवून पोरांना घाबरवलं जातं. मूळ प्रसंगातला शब्द हा देवाच्या कामावर केलेला आरोप आहे. गप्पांवर हे वचन आपटू नका.

'वाईट झाड, वाईट फळ' यातला शब्द 'साप्रोस'. इफिस ४:२९मध्ये पौल 'तुमच्या तोंडून वाईट भाषण न निघो' म्हणतो, तिथेही तोच, आणि मत्तय १३:४८मध्ये जाळ्यातून निवडून फेकलेल्या मासळीलाही तोच. त्याचा अर्थ 'सडका' असं सांगितलं जातं आणि मग व्याख्यानं घाण शब्दांवर घसरतात. पण जाळं आत्ताच ओढलंय, मासळी सडायला वेळच मिळालेला नाही. तिथे अर्थ 'कामाची नाही' असा आहे. भाऊच्या धक्क्यावर पहाटे टोपल्या लागतात तेव्हाचा निवाडा डोळ्यांसमोर आणा. वास न येणारी मासळीसुद्धा बाजूला टाकली जाते. इफिस ४:२९चा पुढचा अर्धा भाग हेच सांगतो, शब्द ऐकणाऱ्याच्या उभारणीला उपयोगी पडावा. त्यामुळे शिवी नसलेलं, शुद्ध मराठीतलं, पण समोरच्याला आणखी खचवणारं वाक्यही 'साप्रोस' असू शकतं. मुलांना हे धक्कादायक वाटतं आणि ते वाटू द्यावं.

३७व्या वचनाबद्दल: न्यायालयात साक्ष आणि निकाल यांत जो फरक, तोच इथे. शब्द हा पुरावा आहे. रोम १०:९–१० जोडीने वाचा. ९व्या वचनात आधी मुख, मग अंतःकरण, कारण पौल अनुवाद ३०:१४च्या शब्दांच्या मागे चाललाय आणि तिथे क्रम तसा आहे. १०व्यात तो क्रम फिरवतो, आधी अंतःकरणाने विश्वास, मग मुखाने कबुली. आतून बाहेर. मत्तय १२शी यात भांडण नाही.

आणि पश्चात्ताप या अध्यायात बाहेरून आणून जोडायची गरज नाही. 'सापांच्या पिलांनो' हे ३४व्या वचनातलं संबोधन मत्तयात याआधी एकदा आलंय, ३:७मध्ये, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या तोंडी, आणि लगेच पुढच्या वचनात आहे 'पश्चात्तापास शोभेल असे फळ द्या'. तिथेही झाड, तिथेही फळ, तिथे तर मुळाशी कुऱ्हाड. बारावा अध्याय ते सूत्र पुन्हा हातात घेतो, आणि ४१व्या वचनात निनवेचे लोक येतात, ज्यांनी योनाच्या उपदेशावरून पश्चात्ताप केला. योनाचा तो उपदेश हिब्रूत पाच शब्दांचा आहे.

हिब्रू_वर्ग_दादर

पाळकसाहेबांनी मत्तय उलगडलाच आहे, मी चौथ्या प्रश्नापुरतं जुन्या करारातून लिहिते.

'पश्चात्ताप' या आपल्या शब्दात पश्चात् आणि ताप एवढंच आहे, नंतर होणारी आग. हिब्रूत मुख्य क्रियापद 'शूव' आहे आणि ते रस्त्यावरचं आहे: फिरणं, परत येणं. रूथच्या पहिल्या अध्यायात नामी घरी परतते तिथे हेच क्रियापद पुन्हा पुन्हा येतं. मनाची हळहळ दाखवायला वेगळं क्रियापद आहे, 'नाहम'. ग्रीक 'मेतानोइया'त मन पालटण्यावर जोर आहे. म्हणजे आपला मराठी शब्द ताप सांगतो, पण वळणं सांगत नाही. वर्गात हे आधी फळ्यावर लिहा, कारण मुलं 'मला खूप वाईट वाटलं' यालाच पश्चात्ताप समजून थांबतात.

वळताना रिकाम्या हाताने येऊ नका, असं होशेय सांगतो आणि काय आणायचं तेही सांगतो: 'शब्द घेऊन परमेश्वराकडे वळा' (१४:२). बैल-बकरे नकोत, शब्द आणा. पाप तोंडावाटे बाहेर पडलं, तर परतीची वाटही तोंडातून जाते. पण कोणते शब्द?

तीन माणसं घ्या. तिघांच्याही तोंडी हिब्रूत एकच शब्द आहे, 'हाताती', मी पाप केलं. मिसरचा राजा फारो निर्गम ९:२७मध्ये म्हणतो आणि जोडतो 'या वेळी'. गारा थांबल्या आणि त्याचं मन परत कठीण झालं. राजा शौल १ शमुवेल १५:२४मध्ये म्हणतो आणि जोडतो 'कारण मला लोकांची भीती वाटली'. हा अध्याय सावकाश वाचून घेण्यासारखा आहे. शत्रूची जनावरंही राखू नयेत अशी आज्ञा होती; १३व्या वचनात तो म्हणतो, मी आज्ञा पाळली. १४व्यात संदेष्टा शमुवेल विचारतो, मग ही मेंढरांची बेंबें माझ्या कानावर येतेय ती कसली? १५व्यात शौल म्हणतो, लोकांनी आणली. ३०व्यात पुन्हा 'मी पाप केलं', आणि त्याच श्वासात, 'तरी लोकांच्या वडीलजनांसमोर माझा मान राख'. तिसरा दावीद. २ शमुवेल १२:१३, 'मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे'. हिब्रूत दोन शब्द, आणि तो थांबतो. पुढे 'कारण' नाही, 'पण' नाही, मानाची मागणी नाही. पहिला शब्द तिघांचा सारखाच, फरक त्याच्यानंतर काय येतं त्यात आहे.

आता तुमचं व्हॉट्सॲपवरचं वाक्य याच्यासमोर ठेवा: 'कोणाचं मन दुखावलं असल्यास क्षमस्व'. 'कोणाचं', म्हणजे माणसाचं नाव नाही. 'दुखावलं', म्हणजे दुखवणारा गायब, मन आपोआप दुखावलं. 'असल्यास', म्हणजे घडलं की नाही तेही नक्की नाही. आणि काय लिहिलं होतं याचा तर उल्लेखच नाही. मराठीत ही सोय फार आहे. 'चूक झाली', 'बोलण्यात आलं', 'तोंडातून गेलं' या सगळ्यांत कर्ता पळून जातो. लेवीय ५:५ सांगतं की दोषी ठरलेल्याने 'ज्या बाबतीत पाप केलं ती बाब' कबूल करावी. मोघम कबुलीला तिथे जागा नाही. मुलांना साधा नियम द्या: वाक्य 'मी'पासून सुरू व्हावं, क्रियापद 'केलं, बोललो, लिहिलं' असावं, 'झालं' नसावं.

शब्दांनंतर भरपाई. गणना ५:६–७मध्ये क्रम स्पष्ट आहे: पाप कबूल करावं, नुकसान पूर्ण भरावं, वर पाचवा हिस्सा द्यावा, आणि तो ज्याचं नुकसान झालं त्यालाच द्यावा. कोणाच्या खोट्या बोलण्याने शिकवणी घेणाऱ्या बाईंचे पाच हजार बुडाले असतील, तर या मापाने सहा हजार होतात. ते नियम इस्राएलाच्या व्यवस्थेतले आहेत, आकडा आज जसाच्या तसा लावा असं मी म्हणत नाही, पण मूळ रकमेवर थांबू नये ही दिशा जकातदार जक्कयाच्या तोंडीही आहे. लूक १९:८मध्ये तो चौपट म्हणतो, आणि चोरलेल्या मेंढराला चौपट हे निर्गम २२:१चं माप आहे. येशूने त्याच्याकडे भरपाई मागितल्याचं त्या उताऱ्यात दिसत नाही. तो उभा राहिला आणि बोलला.

एक गोष्ट मात्र राहून जाऊ नये. लूक १५मधला, बापाची संपत्ती उधळून बसलेला धाकटा मुलगा डुकरांजवळ बसून वाक्यं जुळवतो (१८–१९): पाप केलं, मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला चाकरांपैकी एकासारखं ठेवा. घरी आल्यावर (२१) तो पहिली दोन बोलतो आणि तिसरं तोंडातच राहतं, कारण बाप नोकरांना झगा आणायला सांगू लागलेला असतो. दोन वचनं शेजारी-शेजारी ठेवून मुलांनाच शोधू द्या कोणतं वाक्य गळलं ते. शब्द घेऊन यायचं, आणि ते पूर्ण बोलून होईपर्यंत बाप थांबत नाही.

वसई_बोरिवली_लोकल

कॅथलिक मुलांसाठी काही गोष्टी. सुरुवातीलाच गोंधळ होऊ नये म्हणून: खोटी साक्ष देऊ नको ही आमच्या मोजणीत आठवी आज्ञा, तुमच्या मोजणीत नववी. वर्गात 'नववी आज्ञा' म्हणालात तर आमची मुलं वेगळंच काही समजतील. (लूथरन मंडळीही आठवी मोजतात.)

मिस्सामध्ये शुभवर्तमान वाचण्याआधी आम्ही अंगठ्याने कपाळावर, ओठांवर आणि छातीवर छोटा क्रूस काढतो. मुलं ते इतक्या घाईत करतात की नाक खाजवल्यासारखं दिसतं. तुमच्या विषयाचा पूर्ण नकाशा त्या तीन खुणांत आहे: विचार, मुख, अंतःकरण. त्याच वेळी धर्मगुरू हळू आवाजात स्वतःचं अंतःकरण आणि ओठ शुद्ध व्हावेत अशी प्रार्थना करतात, तिच्यामागे यशया ६ आहे. 'मी अशुद्ध ओठांचा मनुष्य' म्हणणाऱ्या यशयाच्या ओठांना वेदीवरचा निखारा लावला गेला. निखारा ओठांना लागला आणि 'तुझा दोष दूर झाला' हे संबंध माणसाबद्दल म्हटलं गेलं.

प्रायश्चित्त संस्कारात (कोकणी घरांत कुमसार म्हणतात) पश्चात्तापीची तीन कामं सांगितली आहेत: अनुताप, पापनिवेदन, परिहार. निवेदनात गंभीर पाप असेल तर कोणत्या प्रकारचं आणि किती वेळा, हे दोन्ही सांगावं लागतं. १९८३च्या धर्मविधिसंहितेतही तसंच आहे. 'फादर, मी लोकांबद्दल वाईट बोललो' हे अर्धं झालं. 'एका सहकाऱ्याबद्दल खोटं पसरवलं, तीन वेळा, त्याची बढती अडकावी म्हणून' हे पूर्ण. नेहमी चुकतं ते असं, की निवेदनाच्या नावाखाली दुसऱ्याचं पाप सांगितलं जातं. 'सासू अशी वागली म्हणून मी बोलले' यात सासूचं निवेदन जास्त होतं.

आता जे तुमच्या चौथ्या प्रश्नाला थेट लागू पडतं. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ (१९९२) शब्दांच्या पापांत एक भेद करतो. खोटं बोलून एखाद्याची अब्रू घालवणं हे एक. आणि त्याची खरीच असलेली चूक, कारण नसताना, ज्यांना ठाऊक नव्हती त्यांना सांगणं हे दुसरं. "पण मी खरंच तर सांगितलं!" हा बचाव दुसऱ्या प्रकारात चालत नाही. दोन्हींची भरपाई वेगळी असते आणि तिथे लोक अडतात. पहिल्यात उघडपणे म्हणावं लागतं, 'मी बोललो ते खोटं होतं'. दुसऱ्यात तसं म्हणता येत नाही, ते नवं खोटं होईल. मग ते बोलणं पूर्ण बंद करायचं, कोणी विषय काढला तर पुढे न्यायचा नाही, त्या माणसाचं जे चांगलं खरोखर ठाऊक आहे ते त्याच लोकांत सांगायचं, आणि त्याचं नोकरीधंद्यात नुकसान झालं असेल तर ते भरायचा प्रयत्न करायचा. पापमुक्ती मिळाली तरी ही भरपाई सुटत नाही.

म्हणून ग्रुपवर काय लिहिलं होतं ते आधी विचारा: खोटं, की खरं पण उघडं करायला नको होतं असं? उत्तरावर पुढचं सगळं ठरतं.

मुलुंड_जुना_सभासद

वरचं सगळं मान्य, पण एक सावधगिरी. यादी हाती दिली की मुलं यादी पूर्ण करतात. यहूदा इस्कर्योताला ही यादी लावून बघा. मत्तय २७:३–५: 'मी निर्दोष रक्ताचा विश्वासघात करून पाप केले', कर्ता आहे, बाब नेमकी आहे, तीस नाणी परत केली आहेत. सगळं जागच्या जागी. तरीही तो मुख्य याजकांकडे गेला, आणि ते म्हणाले, आम्हाला त्याचे काय? ज्याच्याकडे वळायचं त्याच्याकडे तो वळला नाही. (यहूदासाठी वेगळं क्रियापद वापरलंय, 'मेतामेलोमाइ', म्हणून तो खरा पश्चात्ताप नव्हे, असं शिकवलं जातं. तेवढ्यावर विसंबू नका. मत्तय २१:२९मध्ये ज्या मुलाचं मन नंतर बदललं आणि जो कामाला गेला, त्याच्यासाठीही हेच क्रियापद आहे.)

येशू धरला गेला त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र याचंही तोंडच घसरलं. 'मी येशूला ओळखत नाही' म्हणत शपथा घेतल्या, शाप दिले. गंमत म्हणजे त्याला पकडलं तेही बोलण्यावरून, मत्तय २६:७३, तुझ्या बोलीवरून तू कळतोस. गालीली हेल लपला नाही. शिवीच्या प्रश्नाला हा उतारा द्या: इतक्या शपथा घेणारा पेत्र आतून दुष्ट नव्हता, घाबरलेला होता, आणि तोंडाने ती भीती तंतोतंत दाखवली. "मनात काही नसतं" हे बहुतेकदा खरं नसतं. काहीतरी असतं: भीती, टोळीत सामील व्हायची धडपड, घरचा राग. सवयीबद्दल म्हणाल तर हिब्रूत 'लेव', अंतःकरण, ही विचार आणि निर्णयाची जागा आहे, नुसत्या भावनेची नाही. रोज तेच निवडलं की ते तिथेच साठतं. आणि "मस्करी केली" याला नीतिसूत्रे २६:१८–१९ पुरेसं आहे, तिथे असं म्हणणाऱ्याला कोलत्या फेकणाऱ्या वेड्याच्या ओळीत बसवलंय.

पेत्राला परत घेतलं तेही तोंडावाटेच. योहान १८:१८मध्ये अंगणात कोळशाचा विस्तव आहे, तिथे तीन नकार. २१:९मध्ये किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव आहे, तिथे येशूचे तीन प्रश्न, 'माझ्यावर प्रीती करतोस का?' नव्या करारात हा ग्रीक शब्द या दोनच ठिकाणी येतो.

जी मुलं आधीच स्वतःला खात असतात त्यांच्यासाठी याकोब ३:२ही वाचा, आपण सगळेच पुष्कळ चुकतो. आणि जीभ कोणी वश करू शकत नाही (३:८) हे याकोबानेच लिहिलंय. नुसतं तोंड बंद ठेवणं हाही उपाय नव्हे. तुमच्याच अध्यायात १२:४३–४५ पाहा: घर झाडलेलं, सजवलेलं, रिकामं, आणि बाहेर गेलेला अशुद्ध आत्मा आणखी सात आत्मे घेऊन आत शिरतो.

संडेस्कूल_गिरगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. २२ ते ४५ वाचन नक्की केलं. एकच राहिलं: माफी आधी ग्रुपवर मागायची की त्या माणसाला भेटून? आणि त्याला विषय परत उघडायचा नसेल तर?

हिब्रू_वर्ग_दादर

आधी भेटून, आणि एकट्याने. मत्तय ५:२३–२४मध्ये अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी भावाकडे जायला सांगितलंय. हे शब्द गालीलातल्या लोकांसमोर उच्चारले गेले आणि वेदी होती यरुशलेमेत, शंभर किलोमीटरहून लांब. चर्चगेटहून डहाणूपर्यंत चालत जाऊन, रांगेत उभं राहून, दान हातात असताना परत फिरण्यासारखं आहे ते. एका फोनवर भागवू नये एवढं त्यातून नक्की निघतं.

भेटीत तीन गोष्टी: काय लिहिलं ते जसंच्या तसं सांगायचं, ते का चुकीचं होतं ते सांगायचं, आणि विचारायचं, 'ग्रुपवर मी हे दुरुस्त करू का, कसं करू?' मग गप्प बसून ऐकायचं. तिथे स्वतःची बाजू मांडायची नाही. त्याने लगेच क्षमा करावी असा आग्रहही नाही, ती त्याची गोष्ट आहे.

लिहिलेलं खोटं होतं आणि दोनशे जणांनी वाचलं, तर दुरुस्तीही त्या दोनशे जणांपर्यंत जायला हवी. डिलीट केल्याने ज्यांनी वाचलं त्यांच्या डोक्यातलं पुसलं जात नाही. साधारण असा मजकूर: 'मंगळवारी रात्री मी या ग्रुपवर लिहिलं की सहलीच्या हिशेबात पैसे कमी पडले ते खजिनदारांमुळे. ते खोटं होतं. मी पावत्या न बघता लिहिलं. त्यांना भेटून मी क्षमा मागितली आहे. कोणी तो मेसेज पुढे पाठवला असेल तर हाही तिथे पाठवा.' पाच वाक्यं, एकही 'जर' किंवा 'पण' नाही. प्रार्थनेचे हात जोडलेले इमोजीही नकोत, त्यांच्यामागे शब्द लपतात.

खरं पण खाजगी असं काही उघडं केलं असेल आणि त्याला विषय नको असेल, तर वसईच्या ताईंनी सांगितलेली वाट धरा, ग्रुपवर काही लिहू नका. तुम्ही माफी मागायला म्हणून लिहाल आणि ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही कळेल.

वर्गासाठी: वाचन ५ मिनिटं, पेला आणि 'आर्गोस' १०, तीन 'हाताती' १०, लूक १५मधलं गळलेलं वाक्य ५. उरलेली १५ मिनिटं प्रत्येकाला कोरा कागद द्या आणि 'कोणाचं मन दुखावलं असल्यास क्षमस्व' हे वाक्य कर्त्यासकट नव्याने लिहायला सांगा, मनात जो माणूस येईल त्याला उद्देशून. कागद गोळा करू नका, वाचूनही घेऊ नका. ज्याचा त्याच्याजवळ राहू द्या, सोमवारी तो कोणाच्या तरी दारात न्यायचा असेल.